जुन्या सायकलचं पायडल दर फेरीत ‘कट्’ करतं? कॉटर पिन पाहा

लक्षण: उभं राहून जोर दिला की क्रँक (पायडलचा दांडा) किंचित घसरतो. चेनला तेल दिलं, बीबीचे, म्हणजे क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगचे, छर्रे बदलले (दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा), नट आवळला, व्यर्थ. महिनाभर वैताग. दोष कॉटर पिनचा, म्हणजे क्रँकला एक्सलवर घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या पिनचा.

नट आवळून पिन आत ओढू नये, आटे जातात. जुनी पिन काढायला नट पिनच्या टोकापर्यंत सैल करा, क्रँकखाली जाड लोखंडी पाइप टेकवा, मगच त्या टोकावर हातोडी मारा. पाइपाशिवाय मार छऱ्यांवर बसतो. जुन्या पिनच्याच जाडीची नवी आणा. सपाट बाजू एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकेपर्यंत कानशीने सारखी घासा. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशेने घाला, ठोका, वॉशर-नट लावा. दहा किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून आवळा; हे चुकलं की ढिलेपणा परत येतो.