मंगळवारची बैठक: उपकेंद्रात मनाचा गट कसा बसवावा

मी यवतमाळ जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करते. पहिल्या वेळी आम्ही उपकेंद्राच्या दारावर कागद चिकटवला होता, ‘नैराश्य उपचार गट’. तीन मंगळवार कुणी फिरकलं नाही. चौथ्या मंगळवारी एक बाई आली, तीही बीपीची गोळी न्यायला. मग कागद काढला. आता गावात तिला नुसती ‘मंगळवारची बैठक’ म्हणतात. तुम्हीही असंच काही साधं नाव ठेवा.

गटात बसून बोलत मन सावरायची ही पद्धत आपली नाही, युगांडातली आहे. तिथल्या राकाई आणि मसाका जिल्ह्यांतल्या तीस गावांत हे करून पाहिलं, त्याचा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. बायांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. गट चालवणारे डॉक्टर नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. पुढे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आठ बैठकांची पुस्तिका काढली. मूळ कल्पना सोपी आहे. मन खचण्यामागे बहुतेक वेळा चारातलं एक असतं: जवळचं कुणी गेलं, घरात कुणाशी बिनसलं, आयुष्याची घडी बदलली, किंवा माणूस एकटं पडलं. आठ आठवडे त्या एकाच धाग्यावर काम करायचं.

सुरुवात मात्र बायांपासून नको, वैद्यकीय अधिकाऱ्यांपासून करा. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे ‘नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, कोण सोबत जाणार, गाडी कुठली, हे त्यांच्याशी बोलून आधी ठरलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ प्रत्येक आशाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. हे ठरत नसेल तर गट बसवू नका.

प्रश्न विचारताना ‘उदास वाटतं का’ म्हणाल तर सगळ्या ‘नाही’ म्हणतील. आमच्याकडे बाया म्हणतात, ‘डोकं जड राहते’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘जेवण गोड लागत नाही’. त्यांचेच शब्द वापरा. गटात घेण्याआधी प्रत्येकीशी एकदा एकटीशी बोला. आठ जणी पुरे.

वेळ सांभाळा. कापूस वेचणी उरकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडे सलग मिळतात. बाजाराचा आणि लसीकरणाचा दिवस सोडा. जागा उपकेंद्राची मागची खोली. समाजमंदिर नको, त्याचं दार पारासमोर उघडतं. गट चालवायला समुदाय आरोग्य अधिकारी आणि शेजारच्या गावची आशा. गावची आशा बायांना आणेल, पण आत बसणार नाही, कारण ती कुणाची तरी जाऊ किंवा नणंद असतेच.

बैठकीत सल्ला द्यायचा नाही. मला हेच सगळ्यात जड गेलं. आमची जीभ ‘लोहाच्या गोळ्या घ्या’ म्हणायला सोकावलेली. इथे फक्त विचारायचं: मागच्या मंगळवारपेक्षा मन कसं आहे, आणि मधे काय घडलं? एकदा (तपशील बदलून सांगते) एक विधवा म्हणाली, रविवारपासून झोप नाही. रविवारी काय झालं? दीर येऊन सातबाऱ्याबद्दल बोलून गेला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरी म्हणाली, ‘वारस नोंद केली का? मी केली, तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागते.’ तिसरी दीर झाली, मिशीला पीळ देत. सगळ्या हसल्या, ती विधवासुद्धा, आणि तिने तीन वेळा एकच वाक्य बोलून पाहिलं: ‘भाऊजी, कागद झाल्यावर बोलू.’ पुढच्या मंगळवारी तिची झोप पूर्ण आली नव्हती. पण वाक्य बोलून आली होती.

आता सगळ्यात रुक्ष भाग, आणि गट मरतात ते इथेच. आशाचा मोबदला आणि प्रवासखर्च आधी लेखी ठरवा. ‘सेवाभाव’ म्हणून काम देऊ नका, तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. पंधरा दिवसांतून एकदा गट चालवणाऱ्यांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकाशी बोलायचं, नाहीतर ऐकलेलं सगळं त्या घरी घेऊन जातात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत फक्त आकडे सांगायचे: किती आल्या, पहिल्या आणि आठव्या बैठकीतले पीएचक्यू-९ चे गुण किती, किती जणींना पुढे पाठवलं. नावांची वही कुलपात.

वरून एकदा बैठकीचे जिओ-टॅग फोटो मागितले. बायांचे चेहरे पाठवायचे नव्हते. आम्ही दाराबाहेरच्या चपलांचा फोटो पाठवला, दहा जोड. त्यानंतर फोटो मागितला नाही. अहवालात या कामाला स्वतंत्र रकाना मात्र अजून नाही. तो येईपर्यंत ‘इतर उपक्रम’मध्ये दर महिन्याला न चुकता आकडा लिहा.