वर्षभराच्या आवडत्या पॉप-रॉकची लिस्ट कशी काढाची

राजेहो, डिसेंबर लागला का स्पॉटिफाय रॅप्ड (गाण्याच्या अ‍ॅपवर वर्षभर काय ऐकलं त्याचा हिशोब) येते आन सगळे स्टेटसले लावतात, पण ते आपली लिस्ट नाही बरं. ३० सेकंद वाजलं का मोजलं, आवडलं का नाही त्याले काय माहीत, आन वर्षाचे शेवटचे आठवडे तर धरतच नाही. मेमरी कार्डवरून वावरात ऐकलं तेही गेलं.

म्हणून हंगामानं आठवा. लग्नसराईत काय वाजलं, सोयाबीन सोंगताना, कापूस वेचताना कानात काय होतं, रातच्या ओलिताले मोटर लावून बांधावर बसलो तवा काय. जानेवारी सगळेच इसरतात, २०२५ मधे कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडनं नवी मुंबई आन अहमदाबादले शो केले ते त्याच महिन्यात, आता किती जणाले आठवते?

मंग कापाकापी. दहाच ठेवा, एका बँडची दोनच्या वर नाही. यंदा निघालेलं येगळं, जुनं पण यंदा सापडलेलं येगळं (माह्यी दुसरीच लिस्ट लांब असते). रीलमधे ऐकलेलं पूर्ण ऐकून पाहा, बहुतेक तिथंच गळते.

शेवटी स्पॉटिफायचा डाउनलोड देणारा प्रीमियम (पैशाचा) प्लॅन असन तर प्लेलिस्ट डाउनलोड करा, पण ३० दिवसात एकदा तरी नेट चालू करा लागते, नाहीतर रेंज नसलेल्या वावरात बसा मोटरचा आवाज ऐकत.