कौन्सिल दाद देत नाही? तक्रार करताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये शिकायला आलेली आपली मुलं वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतात, कुणी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये, कुणी सुपरमार्केटमध्ये. तिथे काहीतरी धोक्याचं दिसतं, ते धीर करून कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, कळवतात आणि काही दिवसांनी दोन ओळींचं उत्तर येतं: सध्या पुढील कारवाई करणार नाही. मग डोकं फिरतं आणि दुसरा मेल जातो. त्यात मॅनेजरच्या शिव्या, पगाराची थकबाकी, तुटलेला रॅक आणि कौन्सिलचा निष्काळजीपणा सगळं एकत्र कालवलेलं असतं. खरा घोटाळा इथेच होतो. मालकाबद्दलची तक्रार वेगळी, कौन्सिलबद्दलची वेगळी.

दारच चुकणं

१९७४ च्या हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क कायद्याची अंमलबजावणी दोघांत वाटलेली आहे. दुकानं, ऑफिसं, गोदामं, हॉटेलं, रेस्टॉरंटं, जिम, सलून ही कौन्सिलकडे. कारखाने, बांधकामं, शेती, हॉस्पिटलं, शाळा ही एचएसईकडे, म्हणजे हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हकडे. खुद्द कौन्सिलच मालक असेल, तर तिथेही एचएसई. स्वतःच स्वतःवर नोटीस बजावायची सोय नाही. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिल आहेत, तिथे हे काम डिस्ट्रिक्टच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याचं असतं. काउंटीला मेल करून वाट बघत बसलेले लोक कमी नाहीत.

आगीच्या वेळचा बाहेर पडायचा दरवाजा पॅलेट लावून अडवला असेल, तर ते मुख्यतः फायर सर्व्हिसचं काम. किमान वेतनाचा प्रश्न तर कौन्सिलचा नव्हेच. तो सुरक्षेच्या तक्रारीत घातला की वाचणाऱ्याला वाटतं, हे मालकाशी भांडण आहे आणि सेफ्टी हे निमित्त.

‘इथे सेफ्टीच नाही’ असं लिहिणं

अधिकाऱ्याच्या टेबलावर असे मेल रोज येतात. त्याला ठरवायचं असतं की उठून जावं की नाही, आणि ‘सेफ्टीच नाही’ या वाक्यावरून काही ठरत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘लोडिंग बेच्या डाव्या हाताला तिसऱ्या रॅकचा पुढचा खांब जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आत वाकला आहे. १२ तारखेच्या रात्रपाळीत फोर्कलिफ्टचा धक्का लागला. त्यावर अजून भरलेली पॅलेट ठेवतात आणि खालून आम्ही ट्रॉली घेऊन जातो. त्याच रात्री शिफ्ट सुपरवायझरला सांगितलं, मेसेज सोबत जोडला आहे.’ जागा, तारीख, धोका कुणाला, मालकाला कळवलं का आणि तो काय म्हणाला. एवढं असलं की पुढे कौन्सिलने दुर्लक्ष केलं असं म्हणायलाही आधार राहतो, कारण त्यांच्यासमोर नेमकं काय होतं हे कागदावर असतं.

अपघात झाला असेल तर तो ॲक्सिडेंट बुकमध्ये लिहिला गेला का ते बघा. दुखापतीमुळे सलग सात दिवसांहून जास्त नेहमीचं काम करता आलं नाही, तर २०१३ च्या रिडोर (कामावरचे अपघात सरकारला कळवण्याच्या) नियमांनुसार मालकाने १५ दिवसांत सरकारी रिपोर्ट द्यायचा असतो. तो तुम्ही भरायचा नसतो. मालकाने भरला नाही, तर तेच तक्रारीत लिहा. हा मुद्दा ‘आमच्याकडे काळजी घेत नाहीत’ याच्या दसपट वजनाचा आहे.

इन्स्पेक्टर आला नाही, म्हणून कौन्सिल चुकली असं धरणं

हे पचायला जड आहे. प्रत्येक तक्रारीवर भेट द्यायलाच हवी असं बंधन कौन्सिलवर नाही. २०१३ साली आलेल्या राष्ट्रीय अंमलबजावणी संहितेने तर उगाच तपासणीला जाऊ नका, जास्त जोखमीच्या ठिकाणी जा, असंच सांगितलं. अपघातांतही कोणते तपासायचे याचे निकष ठरलेले असतात. कधी मालकाला फोन करून आणि फोटो मागवून फाईल बंद होते, आणि ते नियमात बसतं. मला व्यक्तिशः ही पद्धत फारशी पटत नाही, कारण फोटो काढायच्या दिवशी वाकलेला खांब सहज कॅमेऱ्याबाहेर राहतो. पण ‘तुम्ही आला नाहीत’ एवढ्यावर कौन्सिलला धरता येत नाही.

धरता येतं ते वेगळ्या गोष्टींवर. तुमची माहिती वाचलीच नाही. स्वतःच्या छापील एन्फोर्समेंट पॉलिसीप्रमाणे, म्हणजे कारवाई कधी आणि कशी करायची याच्या धोरणाप्रमाणे, वागले नाहीत. निर्णयाचं कारण लिहिलंच नाही. उत्तर द्यायला महिने लावले. म्हणून पहिल्यांदा एवढंच विचारा: कोणती माहिती विचारात घेतली, मालकाकडून काय मागवलं, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाप्रमाणे फाईल बंद केली? १९७४ च्या कायद्याचं २८ वं कलम इथे उपयोगी पडतं. इन्स्पेक्टरने कामगारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना, त्यांच्या सुरक्षेशी संबंधित जी माहिती त्यांना असायला हवी ती द्यायची असते. नोटीस बजावली असेल तर तिची नोंद सार्वजनिक रजिस्टरमध्ये असू शकते, तीही मागून बघा.

रिपोर्टलाच कम्प्लेंट समजणं

सर्वात जास्त लोक इथेच अडकतात. तुम्ही रॅकबद्दल कळवलंत, ती कौन्सिलच्या भाषेत सर्व्हिस रिक्वेस्ट. त्यावर कितीही मेल पाठवले तरी कौन्सिलविरुद्धची तक्रार सुरू झालेली नसते. ती वेगळी नोंदवायची, बहुतेक कौन्सिलच्या वेबसाइटवर वेगळा फॉर्म असतो. विषयात सरळ लिहा: पहिल्या टप्प्यातली औपचारिक तक्रार, एन्व्हायर्नमेंटल हेल्थने अमुक संदर्भ क्रमांकाचं प्रकरण कसं हाताळलं याबद्दल. ओम्बुड्समनच्या (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या) २०२४ च्या संहितेनुसार पहिल्या टप्प्याचं उत्तर १० कामाच्या दिवसांत आणि दुसऱ्याचं २० कामाच्या दिवसांत यायला हवं. गुंतागुंतीच्या प्रकरणात मुदत वाढू शकते, पण तसं कळवावं लागतं.

नगरसेवकाला गाठणं

आपली सवय आहे, काम अडलं की नगरसेवकाकडे जायचं. इथला काउन्सिलर पत्र पुढे पाठवेल, उत्तर लवकर द्या म्हणेल, आणि तेवढ्यासाठी त्याला जरूर सांगा. मात्र अमुक दुकानावर नोटीस काढा असं तो अधिकाऱ्याला सांगू शकत नाही, आणि त्याच्याकडे गेल्याने औपचारिक तक्रारीचा टप्पाही सुटत नाही. खासदाराची गरज वेगळ्या ठिकाणी लागते: तक्रार कौन्सिलबद्दल नसून एचएसईबद्दल असेल, तर संसदीय ओम्बुड्समनकडे खासदारामार्फतच जावं लागतं.

ओम्बुड्समनकडून भलती अपेक्षा

इंग्लंडमध्ये कौन्सिलवरचा शेवटचा टप्पा म्हणजे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे वेगळे आहेत. फी नाही, वकील लागत नाही. गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत जायला हवं, आणि त्याआधी कौन्सिलचे टप्पे पूर्ण केलेले असावेत. तिथे ‘रॅक धोकादायक होता की नाही’ हे ठरत नाही. निर्णय घेताना कौन्सिलची पद्धत चुकली का, आणि त्यामुळे तुमचं स्वतःचं काही नुकसान झालं का, हे बघतात. पद्धत ठीक असेल तर निर्णय तुम्हाला पटला नाही एवढ्यावर ते हात घालत नाहीत. चूक सापडली तर माफी, प्रकरण पुन्हा बघणं, कधी थोडी रक्कम अशी शिफारस होते. मालकावर खटला भरा असा हुकूम निघत नाही.

दुखापतीची भरपाई इथे मागणं तर निव्वळ वेळ घालवणं. ती मालकाविरुद्ध दिवाणी दाव्यात, साधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीत. कौन्सिलशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

नाव न देणं

निनावी तक्रारीला उत्तर येत नाही, आणि पुढे कौन्सिलविरुद्ध बोलायला तक्रारदारच उरत नाही. नाव द्या आणि ते मालकाला सांगू नका असं स्पष्ट लिहा. पाच जणांच्या किचनमध्ये मालक अंदाज बांधणारच, हेही लक्षात ठेवा. सुरक्षेचा मुद्दा काढला म्हणून त्रास देणं बेकायदा आहे. मे २०२१ पासून हे संरक्षण फक्त पगारी नोकरांपुरतं न राहता एजन्सीच्या कामगारांसारख्यांनाही मिळालं. शिफ्ट अचानक कमी झाल्या तर जुना आणि नवा रोटा (शिफ्टचं वेळापत्रक), दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा आणि लगेच एकासला (Acas, नोकरीच्या वादांत सल्ला आणि समेट करणारी संस्था) फोन करा, कारण एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलची, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची, मुदत छोटी असते. ‘तक्रार केलीस तर व्हिसा जाईल’ असं सुपरवायझर म्हणत असेल तर ते खोटं आहे. सुरक्षेची तक्रार केल्याने व्हिसाची कोणतीही अट मोडत नाही.

रेस्टॉरंट तुमचंच असेल तर

तुमच्यावर १९७४ च्या कायद्याखाली नोटीस आली आणि ती अन्यायाची वाटते, तेव्हा कौन्सिलकडे तक्रार करत बसू नका. अपील एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलकडे, नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत. अपील केलं की इम्प्रूव्हमेंट नोटीस (अमुक सुधारणा करा असं सांगणारी) निकालापर्यंत स्थगित राहते. प्रोहिबिशन नोटीस (धोक्याचं काम बंद करा असं सांगणारी) मात्र ट्रिब्युनलने वेगळं सांगेपर्यंत लागूच असते, म्हणजे गार्ड नसलेलं स्लायसर अपील टाकलं म्हणून परत चालू करता येत नाही.