घटनेचे स्रोत: तक्ता पाठ करणाऱ्या नव्या पोरांसाठी थोडं

लॉच्या पहिल्या वर्षाची किंवा एमपीएससी करून राहिलेली पोरं इथे नागपुरात अभ्यासिकेत भेटतात तेव्हा जवळपास सगळ्यांच्या वहीत एकच तक्ता असतो, आयर्लंडकडून मार्गदर्शक तत्त्वं, अमेरिकेकडून मूलभूत हक्क, ब्रिटनकडून संसदीय पद्धत. तक्ता चुकीचा नाही, प्रिलिमला कामी येतो, पण मेन्सला "का घेतलं" असं विचारलं की पेन थांबतो. मी स्वतः हा विषय शिकलो तो संविधान सभेच्या चर्चा वाचून, म्हणून नवीन लोकांना तेच सांगतो, देशाचं नाव पाठ करण्याआधी तेव्हा भीती कशाची होती ते शोधा.

कलम 21 घ्या, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. घटना सल्लागार बी. एन. राव 1947 च्या शेवटी अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन फिरून आले. अमेरिकेत त्यांना सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश फ्रँकफर्टर भेटले, त्यांचं म्हणणं की 'ड्यू प्रोसेस'मुळे, म्हणजे कायदा स्वतःच न्याय्य आहे का हे कोर्टाला तपासू देणाऱ्या अमेरिकन घटनेतल्या शब्दांमुळे, निवडून आलेल्या लोकांनी केलेला कायदा मोजके न्यायाधीश उडवू शकतात, हे लोकशाहीला धरून नाही. आणि तिकडे खरंच कामाचे तास, किमान वेतन असे कामगारांचे कायदे कोर्टाने पाडले होते. आपल्याला तर जमीन सुधारणा करायच्या होत्या! मग मसुदा समितीने आपल्या आधीच्या मसुद्यात असलेले ते शब्द काढले आणि जपानच्या 1946 च्या घटनेसारखं 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' असं आणलं. पण सभेत लोक भडकले, कारण खटल्याशिवाय तुरुंगात बसणं काय असतं हे त्यातल्या कित्येकांनी भोगलं होतं. डिसेंबर 1948 ची ती चर्चा नक्की वाचा, बाबासाहेब दोन्ही बाजूंचे धोके मांडतात आणि निर्णय सभागृहावर सोडतात, मला तो भाग फार प्रामाणिक वाटतो. पुढे 1949 मध्ये अटकेबद्दलचं संरक्षण वेगळं आणलं, ते आजचं कलम 22. आणि 1978 ला मनेका गांधी खटल्यात कोर्टाने कार्यपद्धती न्याय्य, वाजवी असायला हवी असं म्हटलं, म्हणजे जे दारातून काढलं ते बरंचसं परत आलं. एवढं समजलं की तक्त्यातली 'जपान' ही ओळ विसरता येत नाही.

लॉक, माँटेस्क्यू हे युरोपातले राजकीय विचारवंत पण असेच वाचा. माँटेस्क्यूचा 1748 चा ग्रंथ 1787 ला अमेरिकेची घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या लोकांना माहीत होता, पण ते जमले कारण त्यांचं मध्यवर्ती सरकार करसुद्धा वसूल करू शकत नव्हतं आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी नुकताच उठाव केला होता. अशा अडचणीतच विचार कामाला येतो.

"आपली घटना उसनी आहे का" हा प्रश्न हमखास येतो. 4 नोव्हेंबर 1948 चं बाबासाहेबांचं भाषण काढा. इंग्रजांच्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातून पुष्कळ घेतलं हे ते सरळ मान्य करतात आणि घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचं पेटंट नसतं असं सांगतात. मग 25 नोव्हेंबर 1949 चं वाचा, तिथे ते बौद्ध भिक्खू संघाच्या सभांचे नियम सांगतात, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, सगळं. 1954 च्या रेडिओवरच्या भाषणात तर स्वातंत्र्य, समता, बंधुता ही स्वतःची तत्त्वं त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असं स्पष्ट म्हटलंय, आणि दोन वर्षांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथेच दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. प्रास्ताविकेवर उत्तर लिहिताना फक्त फ्रान्स लिहून सोडलं तर अर्धी गोष्ट राहते, नागपूरच्या पोरांनी तरी ती सोडू नये.

संविधान सभेच्या चर्चा नेटवर फुकट आहेत, पण इंग्रजीत आणि प्रचंड, त्यामुळे पहिल्यापासून सुरू करू नका. आधी बाबासाहेबांची सभेतली ही दोन भाषणं, 1948 चं आणि 1949 चं, मग 13 डिसेंबर 1946 चा नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव, मग जे कलम वर्गात चालू आहे तेवढीच चर्चा. बाबासाहेबांची भाषणं छापील हवी असतील तर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी 13 वा बघा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे विचारा.