स्पोर्टी गाडीला आफ्टरमार्केट अलॉय घेताय? साइज अशी ठरवा

गाडी स्पोर्टी आहे म्हटल्यावर बाहेरच्या बाजारातून (आफ्टरमार्केट) मोठं चाक टाकायचा मोह होतोच, फेंडर (चाकावरची बॉडीची कमान) भरलेला दिसतो, आतले ब्रेक उठून दिसतात, आणि दिसण्यासाठी खर्च करण्यात गैर काहीच नाही. पण साइज म्हणजे नुसते इंच नाहीत, टायरचा बाहेरचा व्यास, रिमची रुंदी, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं), पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) आणि वजन एवढं सगळं त्यात येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्याला गाडी खरंच चांगली पळवायची आहे त्याने ब्रेकवरून मोकळेपणी बसेल असं लहानात लहान आणि हलक्यात हलकं चाक शोधावं. लुकसाठी कंपनीच्या साइजपेक्षा एक इंच वर जा, खुशाल जा, दोन इंच जायचं असेल तर मात्र खालचा सगळा हिशोब कागदावर मांडून मगच.

आधी गाडीत आत्ता काय आहे ते लिहून काढा

ड्रायव्हरचं दार उघडलं की बहुतेक गाड्यांत खांबावर स्टिकर असतो, त्यावर टायरची साइज आणि हवेचं प्रेशर मिळतं. रिमचे आकडे रिमच्या मागच्या बाजूला कोरलेले असतात, ७.५जे x १७ ईटी ४५ असे काहीतरी, म्हणजे साडेसात इंच रुंद, १७ इंच व्यास, ऑफसेट ४५ मिमी. आणि एक गोष्ट बघाच, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी कुठली साइज देते. तिथे १८ इंच येत असेल आणि ब्रेक-सस्पेन्शन तेच असेल तर तुमचं अर्धं काम झालं, कारण ती साइज त्या बॉडीवर कंपनीने स्वतः तपासलेली असते.

टायरचा बाहेरचा व्यास जपा

समजा आत्ताचा टायर २२५/४५ आर १७ आहे. रुंदी २२५ मिमी, तिचे ४५ टक्के म्हणजे १०१ मिमीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), वरची-खालची मिळून २०२.५, त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवले की ६३४ मिमी. नव्या टायरचा व्यास या आकड्याच्या शक्यतो २ टक्क्यांच्या आत ठेवायचा, ३ च्या पुढे मी तरी जाऊ नका म्हणेन. १८ इंचावर २२५/४० टाकलात तर व्यास ६३७ येतो, फरक अर्धा टक्काही नाही. १९ वर २२५/३५ टाकला तर ६४०, तेही चालतं. पण "टायर तोच, फक्त रिम मोठं" असं म्हणत २२५/४५ आर १८ घेतला तर व्यास थेट ६६० होतो, म्हणजे ४ टक्के जास्त, स्पीडोमीटर आधी आपल्याला जे दाखवायचा त्यापेक्षा कमी दाखवायला लागतो, गिअरिंग लांबतं त्यामुळे पिकअप मंदावतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर लायनरला (चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिकचं अस्तर) घासायची भीती वेगळीच. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर चारही चाकांचा फिरता घेर सारखाच हवा, नाहीतर डिफरन्शियल किंवा ट्रान्सफर क्लचवर सतत ताण येत राहतो.

दुसरीकडे साइडवॉल किती उरते तेही बघा. १७ वर १०१ मिमी, १८ वर ९०, १९ वर ७९. खड्डा लागला तर रिम वाकण्याआधी मध्ये एवढंच रबर आहे.

रुंदी आणि ऑफसेट, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि तोही साधी वजाबाकी न केल्यामुळे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (ज्यावर चाक नटांनी बसतं तो मधला भाग) टेकणारी बाजू किती मिमी लांब आहे तो आकडा, तो जितका मोठा तितकं चाक आत जातं, जितका लहान तितकं बाहेर येतं. आता ७.५ इंच ईटी ४५ काढून ८.५ इंच ईटी ३५ बसवायचं आहे असं धरा. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला एकूण २२.७ मिमी वाढले आणि आत स्ट्रटच्या (सस्पेन्शनचा उभा दांडा) दिशेने फक्त २.७. आता गाडीपाशी जा, फेंडरच्या कडेपासून आणि स्ट्रटपासून आत्ताचं चाक किती लांब आहे ते पट्टीने मोजा आणि हे आकडे त्यातून वजा करा, बसेल की नाही ते तिथेच कळतं. ऑफसेट फार कमी केला तर बेअरिंगवर भार वाढतो आणि रस्त्याच्या चाकोऱ्यांमध्ये स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, स्पोर्टी गाडीची मजाच मुळी स्टिअरिंगमध्ये असते त्यामुळे हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

टायर आणि रिमची रुंदीही जुळली पाहिजे. २२५/४० आर १८ ला साधारण ७.५ ते ९ इंच रिम चालतं, ८ सगळ्यात योग्य. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची फॅशन आहे, पण त्यात रिमची कड उघडी पडते, फोटोपुरतं ठीक.

पीसीडी, बोअर, नट

पीसीडीत तडजोड नाही. ५x११२ (पाच नट, ११२ मिमीचं वर्तुळ) आणि ५x११४.३ दिसायला सारखेच, फरक २.३ मिमीचा, जोर लावून नट बसतीलही, पण बोल्टवर तिरका ताण येतो आणि पुढे तो तुटू शकतो. सेंटर बोअर गाडीच्या हबपेक्षा मोठा असेल तर मापाची हबसेंट्रिक रिंग (मधली फट भरून चाक बरोबर मध्यावर ठेवणारी कडी) घ्या, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं, आणि लहान असेल तर ते चाक बसणारच नाही. नटाची बैठकही बघा, कंपनीचे काही नट गोल बैठकीचे असतात आणि आफ्टरमार्केट रिम बहुतेक कोनिकल (शंकूच्या आकाराचे) मागतात, जुनेच नट वापरू नका.

ब्रेक

व्यास पुरेसा आहे म्हणून कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) मोकळा राहील असं नाही, स्पोक आत किती वळलाय त्यावर सगळं असतं. चांगल्या कंपन्या कॅलिपरचा कागदी टेम्प्लेट देतात, तो कापून लावून बघा. नसेल तर कॅलिपरच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागावर मऊ मातीचा छोटा गोळा चिकटवा, चाक लावून नट हलके आवळा, हाताने हळू फिरवा आणि चाक काढून माती किती दबली ते बघा. ३ मिमीपेक्षा पातळ उरली असेल तर ते चाक नको.

वजन आणि भार

१९ इंची कास्ट (साच्यात ओतलेलं) रिम पुष्कळदा १७ इंची फ्लो-फॉर्म्डपेक्षा (फिरवत दाबून पातळ केलेलं) दर चाकामागे काही किलो जड निघतं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं असून फिरणारंही असतं, पिकअप, ब्रेकिंग, खडबडीत रस्त्यावरची पकड सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून विकत घेण्याआधी एका रिमचं वजन विचारा, जो सांगत नाही त्याच्याकडून मी घेणार नाही. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ ही स्पोर्ट्स कार आणली ती २१५/४५ आर १७ वर, रिम फक्त ७ इंच रुंद, आणि ती गाडी चालवायला किती मजेदार आहे हे वेगळं सांगायला नको. फॉर्म्युला वनमध्ये २०२२ पासून १३ ऐवजी १८ इंची चाकं आली हे खरं, पण चाकं जड झाली आणि त्यांनी सस्पेन्शनही त्या हिशोबाने नव्याने केलं, आपण फक्त रिम बदलत असतो.

टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा क्रमांक) मूळपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. २२५/४० आर १८ साध्या प्रकारात ८८ असतो आणि एक्सएलमध्ये (जास्त भार पेलणारा प्रकार) ९२, म्हणजे ९१ च्या जागी एक्सएलच घ्यायचा, आणि तोच भार पेलायला एक्सएलला हवाही थोडी जास्त लागते. रिमवरही भारक्षमता लिहिलेली असते, ती गाडीच्या एक्सल लोडच्या (पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांवर मिळून येणारा भार) निम्म्याहून कमी नको.

बसवल्यावर

चारच्या चार एकदम बसवायच्या आधी पुढचं एक आणि मागचं एक लावून बघा, टायर चढवण्याआधीच, कारण एकदा टायर चढला की दुकानदार परत घेत नाही. सगळं बसलं की टॉर्क रेंचने (ठरावीक जोरालाच आवळणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत नट आवळा, १०० किमीच्या आत परत तपासा. मग चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, हळू वेगात एखाद्या गतिरोधकावरून न्या आणि लायनरवर घासल्याची चमक दिसते का बघा. दिसली तर लायनर कापू नका, जाड स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घालून चूक झाकायलाही जाऊ नका, कारण स्पेसरने चाक बाहेर सरकतं आणि नटाला आटे कमी मिळतात, १२ x १.५ च्या (१२ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) नटाला निदान ६-७ पूर्ण फेरे मिळायलाच हवेत. घासणं बाहेरून असेल तर ५ मिमी जास्त ऑफसेटचं रिम मागा किंवा टायर एक नंबर अरुंद घ्या.