पाहुणी बदकं आली, घरची आवरा

दिवाळीच्या आसपास उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर उत्तरेकडची बदकं उतरू लागतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या. फार्महाउसवर, शेततळ्यात किंवा परसातल्या हौदात ज्यांनी हौसेची बदकं पाळली आहेत, त्यांनी आतापासून मार्चपर्यंत एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी: रानातल्या बदकांचं पाणी आणि आपल्या बदकांचं पाणी एक होऊ द्यायचं नाही.

कारण बर्ड फ्लू. रानबदक अंगात विषाणू घेऊनही धडधाकट उडू शकतं आणि त्याच्या विष्ठेतून तो पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो जास्त दिवस तग धरतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला 2006 साली हा रोग निघाला तो फेब्रुवारीत, परभणीजवळच्या मुरुंब्याला 2021 साली निघाला तो जानेवारीत. दोन्हीकडे मेल्या त्या कोंबड्या, पण महिने बघून ठेवा. रोग निघाला की साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यातले पाळीव पक्षी मारले जातात. त्यात तुमची शोभेची जोडी वेगळी काढत नाहीत.

म्हणून हौदावर वरूनही जाळी हवी, नुसतं कडेचं कुंपण उपयोगाचं नाही. धरणाचं किंवा कालव्याचं पाणी थेट सोडू नका, विहिरीचं किंवा बोअरचं भरा. खाद्य उघड्यावर टाकलं की कावळे, पारवे आणि रानपाखरं जेवायला येणारच, तेव्हा ते छपराखालीच द्या. खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा. एकाएकी दोन-तीन पक्षी दगावले, मान वाकडी झाली, डोळे पांढुरके दिसले तर मेलेला पक्षी उघडून बघत बसू नका. हात लावायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 1962 हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे.

शेततळ्याबद्दल थोडं. 500 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात बदक उतरतं मजेत, पण बाहेर येताना त्याचे पाय घसरतात. पाणी खाली गेलेलं असेल तर ते थकेपर्यंत कडेला धडपडत राहतं. एका बाजूला जुनी गोणपाटं एकमेकांना शिवून काठापासून पाण्यात सोडा, वरचं टोक दगडाखाली दाबा. बदकाला चढायला तेवढं पुरतं, आणि चुकून आत पडलेल्या कुत्र्यालाही.

या हंगामात दुसरा घात करते ती मका. परतीच्या पावसात भिजलेली, कणसातच काळी-हिरवी पडलेली मका बाजारात जात नाही, मग ‘बदकांना घाला’ म्हणून ती परसात येते. हे अजिबात करू नका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कोंबडी काही प्रमाणात पचवते, बदक पचवू शकत नाही. पाळीव पक्ष्यांत सर्वात नाजूक तेच, आणि पिल्लं तर फारच. यकृत खराब होतं, पिल्लू खात नाही, लंगडतं, पायांवर जांभळट झाक येते, मान मागे ताणून मरतं. यावर औषध नाही. शेंगदाणा पेंडीचंही तेच: कुबट वास आला की खतात टाका. मूठभर दाणे तळहातावर घेऊन दोन बोटांनी चोळा. भुकटी उडली किंवा दाण्याच्या टोकाशी हिरवट थर दिसला तर ते पोतं खाद्याचं नाही. धुऊन, वाळवून, भाजून विष जात नाही.

कोंबडीचं खाद्य बदकाच्या पिल्लांना चालतं, पण त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात. पशुवैद्यकाला विचारून यीस्ट मिसळा. कोरडा भरडा घशात अडकतो, म्हणून शेजारी डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल पाण्याचं भांडं हवंच. नाक-डोळे धुता आले नाहीत तर ते चिकटतात. पाव घालायची हौस मात्र सोडा.

पावसाळ्यात पिसं झडून नवी आली असतील, म्हणजे मागे कापलेला पंख पुन्हा भरला. मोकळी सोडत असाल तर एकाच बाजूची उडायची पिसं कापा. ज्या पिसाची दांडी अजून निळसर, रक्ताने भरलेली दिसते ते सोडून द्या, ते कापलं की रक्त थांबत नाही.

भात कापताना, तळ्याकाठचं गवत काढताना या दिवसांत हळदी-कुंकू बदकाची पिल्लं, कधी अंडीही सापडतात. खुडूक कोंबडीखाली ठेवून वाढवायचा मोह होतो. आपल्याकडची रानबदकं, अडई असो की नकटा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पक्षी पकडणं, पाळणं आणि अंडी उचलणंही गुन्हा आहे. तिथली कापणी दोन दिवस पुढे ढकला, आई पिल्लांना घेऊन जाते. जखमी पक्षी सापडला तर वनविभागाचा 1926 क्रमांक लावा.

रंगीत बदकांचीच आवड असेल तर पूर्व आशियातलं मँडरिन किंवा अमेरिकेतलं कॅरोलिना पाळण्यात जन्मलेलं मिळतं. पैसे देण्याआधी परवानगी-नोंदणीचं वनविभागात विचारा, विक्रेत्याकडून पक्की पावती घ्या. खरेदी हिवाळ्यातच करावी: उन्हाळ्यात मँडरिन नराची रंगीत पिसं झडून तो मादीसारखा करडा होतो आणि जोडी म्हणून दोन नर गळ्यात पडू शकतात. तशी वेळ आलीच तर चोच बघा, नराची लालच राहते. ही बदकं झाडाच्या ढोलीत अंडी घालणारी, उत्तम उडणारी. त्यांना वरून बंद जाळी, आत बसायला फांद्या आणि साधारण चार इंच भोकाची लाकडी पेटी लागते. पेटी जानेवारी संपायच्या आत टांगा, तळाशी लाकडाचा भुसा घाला, आणि खांबाला पत्रा गुंडाळा, नाहीतर पहिली अंडी धामण किंवा मुंगूस नेईल.