खिचडीतली डाळ मोजून घ्या: शालेय पोषण आहारात या चुका टाळा

खिचडी रोज शिजते, मुलांची पोटंही भरतात. पण पोट भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. बहुतेक ठिकाणी गडबड होते ती डाळीत.

पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. त्यासाठी मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी हेच दीडपट. म्हणजे लहान १०० मुलं हजर असतील तर १० किलो तांदळाला २ किलो डाळ. आता तांदूळ मापाने आणि डाळ अंदाजाने घेतली, की ही २ किलो कधी एकवर येते कळतही नाही. पातेलं तेवढंच भरलेलं दिसतं, हळदीचा रंगही तोच. पण २० ग्रॅम डाळीतून जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिनं मिळतात. ती अर्धी झाली तर १२ चा आकडा गाठता येत नाही. तांदूळ वाढवून ही तूट भरत नाही, कारण तांदळात कमी असलेला लायसिन हा प्रथिनांचा घटक डाळच पुरवते. म्हणून वजनकाटा स्वयंपाकघरातच ठेवा आणि हजेरी झाल्यावर डाळ मोजून द्या. स्वयंपाकीताईंना दोष देऊ नका. हातात जेवढं येतं तेवढंच त्या शिजवतात.

दुसरी चूक भीतीपोटी होते. तांदळात थोडे पिवळसर, पाण्यावर तरंगणारे दाणे दिसले की ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते निवडून फेकले जातात. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे असतात, साधारण शंभरात एक. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून ते बनवतात. फेकायचे नाहीत, आणि भात वेळून पेज ओतायचीही नाही. पाणी बेताचंच घाला. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आजार असलेल्या मुलाबाबत मात्र डॉक्टरांना विचारलेलं बरं.

भाजीच्या नावाखाली रोज बटाटा नको. शेवग्याचा पाला, मेथी, लाल भोपळा, गाजर, जे गावात स्वस्त असेल ते घाला. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा, आणि शेवटी टाका. वाढताना लिंबू पिळलं तर डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

मटकी-मूग आदल्या दिवशी भिजवायचे राहिले की उसळीच्या दिवशीही खिचडीच होते. फळ्यावर आठवड्याचा बेत लिहिताना उसळीच्या आदल्या दिवसापुढे ‘भिजवणे’ असंही लिहा.

आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत खिचडी चांगली होती का एवढंच विचारून थांबू नका. आज किती मुलं हजर होती आणि किती डाळ दिली, हे दोन आकडे मागा.